ट्रॉलीच्या पाठीवरची लाल काच

मित्रांनो, मी एक जुनी लाल काच आहे. बांगडीची नव्हे आणि कंदिलाचीही नव्हे. उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन स्क्रूंनी आवळून बसवलेली, तळहाताएवढी, गोल. कागदोपत्री माझं नाव रिफ्लेक्टर. सणसर गावची माणसं मला लाल काच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मी काच नाहीच, प्लास्टिक आहे. पण प्रेमानं हाक मारणाऱ्याशी नावावरून कशाला भांडायचं?

माझा जन्म एका कारखान्यात साच्यातून झाला. माझ्या पोटात बारीक बारीक पैलू आहेत. समोरून उजेड आला की ते पैलू तो गिळत नाहीत, ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत पाठवतात. मागून येणाऱ्या गाडीचा दिवा माझ्यावर पडला, की त्या गाडीवाल्याला लांबूनच लाल ठिपका दिसतो आणि तो समजतो, पुढं काहीतरी आहे, सावकाश. एवढंच माझं काम. मला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. लागतो फक्त स्वच्छ चेहरा.

१९९२ साली बारामतीच्या एका दुकानातून मल्हारनं मला आणलं. मल्हार म्हणजे सणसरजवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टरवाला. त्याच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं शेती धरली आणि मल्हार हंगामात शेतातला ऊस कारखान्यावर पोहोचवू लागला. घरात त्याची आई दगडाबाई आणि बायको गोजरबाई.

आमचा रस्ता तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगते. बारामतीकडून इंदापूरकडे येताना दोन्ही अंगांना पुरुषभर ऊस. वळणापलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. मधोमध जेमतेम दीड गाडीचं डांबर, कडेचा मुरूम पावसानं खचलेला, आणि मध्येच कालवा असा काही जवळ येतो की त्याचा गारवा अंगाला लागतो. कठडा नाही. हंगामात रस्त्यावर उसाचं पाचट सांडतं आणि चाकं घसरतात. शिवाय ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं लावायची हौस. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, पुढच्याला ऐकू येतं ते गाणंच.

अशा रस्त्यावर मी दोन हंगाम नेकीनं काढले. एकदा चहाच्या टपरीवर एका एसटीच्या ड्रायव्हरनं मल्हारला मुद्दाम थांबवून सांगितलं, की तुझी ट्रॉली लांबून ओळखू येते, बाकीच्या नुसत्या अंधारातून अंगावर येतात. मल्हारनं घरी येऊन ते गोजरबाईला सांगितलं. त्या दिवशी मी जरा ताठच बसले असेन फळीवर.

मग १९९४ साल आलं. मल्हारनं जुना ट्रॅक्टर देऊन नवा घेतला आणि त्या वर्षीची खंडेनवमी आमच्या वस्तीवर काही औरच झाली. तुम्हाला ठाऊक आहे, खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, नांगर, गाडी, ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे. ट्रॅक्टरच्या नाकाडाला कुंकू लागलं, चाकांना लागलं, दिव्यांना लागलं. झेंडूच्या माळा चढल्या. सगळं आटोपलं तशी दगडाबाई थाळी घेऊन मागच्या बाजूला आली. म्हणाली, "ही बिचारी मागं एकटीच राहिली की. हिला कोन लावनार?"

तेलात कालवलेलं कुंकू तिनं बोटांनी माझ्या तोंडभर लावलं. वरून मूठभर भंडारा उधळला. माझ्यावरून झेंडूची माळ सोडली. मित्रांनो, आजवर मला कुणी पूजेत धरलं नव्हतं. मी अगदी भरून पावले. मला तेव्हा कळलंच नाही की त्या मायेच्या हातानं माझं काम बंद पाडलं होतं.

पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, ते आपसूक जायचं असतं, अशी आमच्याकडची रीत. पण तेलातलं कुंकू आपसूक जात नाही. त्यावर रस्त्याची धूळ बसली, धुरळ्याचा थर वाळून घट्ट झाला. दसरा गेला, दिवाळी आली, कारखाना सुरू झाला. मी फळीवर होते, पण असून नसल्यासारखी.

भाऊबीजेच्या दिवशी मल्हार उसाची खेप घेऊन निघाला होता. संध्याकाळपर्यंत परतायचं, कारण गोजरबाईचा भाऊ बिरदेव कऱ्हाटीहून ओवाळून घ्यायला येणार होता. दिवस मावळता मावळता कालव्याच्या वळणाअलीकडे ट्रॉलीचं टायर फुटलं. मल्हारनं ट्रॉलीपासून ट्रॅक्टर सोडवला आणि पंक्चरवाल्याला आणायला तो पुढे गेला. जाताना मागच्यांना इशारा म्हणून एक बाभळीची फांदी मागं टाकावी असं त्याच्या मनात आलं. दोन पावलं तो वळलाही. मग माझ्याकडं नजर गेली आणि म्हणाला, "काच हाय की." आणि गेला. त्याचा माझ्यावर भरवसा होता हो.

उसानं भरलेली ट्रॉली अर्धी डांबरावर, अर्धी मुरमावर. दिवेलागण झाली. मागून एम-एटीचा, त्या छोट्या दुचाकीचा, आवाज आला. चालवत होता बिरदेव, आणि त्याच्यापुढे हँडलला धरून उभी होती त्याची सहा वर्षांची छकुली, आत्याकडे निघालेली. त्याच वेळी समोरून एक ट्रक आला. ट्रकच्या दिव्यांनी बिरदेवचे डोळे दिपले. एम-एटीचा मिणमिणता दिवा माझ्यावर पडला, अगदी माझ्या तोंडावर पडला. मला तो परत पाठवायचा होता. माझ्याकडून काही म्हणजे काहीच गेलं नाही.

उसाचे शेंडे तोंडाला लागले तेव्हा त्याला ट्रॉली कळली. उजवीकडे ट्रक, म्हणून त्यानं गाडी डावीकडे घातली आणि ती चारीत, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या चरात, कोसळली. छकुली उडून पलीकडच्या नांगरटीत पडली. ढेकळं ओली होती, म्हणून डोकं वाचलं. हाताचं हाड मात्र मोडलं.

मल्हार पंक्चरवाल्याला घेऊन आला, तर चारीच्या काठावर त्याचा मेव्हणा लेकीला मांडीवर घेऊन बसलेला. बिरदेव म्हणाला, "दाजी, तुमची हुती व्हय ही ट्रॉली? मागं एक लाल काच तरी लावायची."

"हाय की पाव्हनं. दोन सालं झाली लावून," असं म्हणत मल्हारनं बॅटरी पेटवली आणि माझ्यावर मारली. त्यानं अंगठा माझ्यापर्यंत आणला आणि मागं घेतला. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या पूजेचं कुंकू. त्याच्याच्यानं ते पुसवेना.

एका जीपवाल्यानं छकुलीला बारामतीला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर घालून ती आत्याच्या घरी आली. माझ्याविषयी घरात बोलणं निघालं, तेव्हा दगडाबाईनं सांगून टाकलं, की पोरीच्या जिवावर आलेलं हातावर निभावलं ते त्या कुंकवाच्याच पुण्याईनं. आता तर त्याला मुळीच हात लावायचा नाही.

गोजरबाईनं ते ऐकलं. कुंकू पुसणं हे शब्ददेखील सवाष्णीनं तोंडातून काढू नयेत, अशा वळणात ती वाढलेली. ते कुंकू तर तिच्या धन्याच्या गाडीवरचं. त्याला आपण हात लावला आणि उद्या काही झालं तर? आणि नाही लावला तर? चौथ्या दिवशी मल्हारची पुन्हा खेप होती. तोच रस्ता, तेच वळण, तीच दिवेलागणीची वेळ. त्याच्या मागं कुणाचं तरी लेकरू असणारच. आणि मागून भरधाव ट्रक आला तर मल्हारही सुटणार नव्हता. तीन दिवस ती येता जाता माझ्याकडं बघायची आणि पदर सावरून आत जायची.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रॉली अंगणात उभी होती, माझं तोंड घराच्या दाराकडं. कुंकवाच्या थरातून आतलं देवघर पुसट दिसत होतं. देवाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा गोजरबाईचा नेम. तिनं खंडोबाचा टाक, म्हणजे देवाचा चांदीचा पत्रा, ताम्हनात घेतला. त्यावर कालचं कुंकू होतं. पाणी घालून तिनं ते अंगठ्यानं हलकेच चोळलं, धुऊन काढलं, आणि तिथंच तिचा हात थांबला. मग नवं कुंकू लावून नमस्कार केला आणि तांब्या नि फडकं घेऊन सरळ माझ्याकडं आली.

ओट्यावरून दगडाबाईनं विचारलं, "गोजर, काय करतीस? पुजेचं हाय ते."

गोजरबाईचा आवाज कधीच चढत नाही. ती सासूला म्हणाली, "आत्या, खंडोबाच्या टाकावरचं कालचं कुंकू मी रोज सकाळी धुते. तवा तुमी मला कधी आडवलं न्हाय."

"ती देवाची आंगूळ हाय."

"मग ही बी आंगूळच म्हना. आन् आत्या, कुंकू आपन देवाच्या कपाळाला लावतो, डोळ्यांत न्हाय भरत. ह्यांच्या मागं बगायला ही एकच हाय. तिलाच आंधळी करून आपन राखन मागायची कुनाकडं?"

दगडाबाई ओट्यावरून उतरली. ऊस भरायला निघालेला मल्हार ट्रॅक्टरवर बसल्या जागी ताठ झाला. मला वाटलं, आता तांब्या हिसकून घेणार. ती जवळ आली, गोजरबाईच्या हातातलं फडकं तिनं बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या गोनपाटानं घासू नगं. चरं पडतील. थांब, माझं जुनं लुगडं आनते."

मल्हार खाली उतरला. वाळलेली माळ काढून त्यानं तुळशीच्या मुळाशी ठेवली. गोजरबाईनं माझ्यावर पाणी सोडलं. लाल पिवळा ओघळ फळीवरून खाली गेला आणि कितीतरी दिवसांनी मला अंगण लख्ख दिसलं, ओटा दिसला, प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून दारात उभी असलेली छकुली दिसली. मग दगडाबाईनं स्वतःच्या हातानं माझ्यावर चार बोटं जागा सोडून फळीला कुंकू लावलं. सरळ रेघेत लावलं. माझ्यावर एक ठिपका उडाला, तो तिनं पदरानं टिपला.

त्या दिवशी दिवस मावळताना, भरलेली खेप रस्त्यावर चढण्याआधी, बिरदेवनं माझी परीक्षा घेतली. छकुली एम-एटीजवळ यायला तयार नव्हती. पडल्यापासून ती कुठल्याच गाडीवर बसत नव्हती. मग गोजरबाईनं तिला कडेवर घेतलं आणि बिरदेव चालू एम-एटी हातानं ढकलत मागं मागं जाऊ लागला. वीस पावलं गेलं की तो गाडी वळवायचा आणि दिवा माझ्यावर टाकायचा.

"दिसती का गं?"

"दिसती."

"हितनं?"

"हितनं बी. लाल लाल."

असं करत ते पार लांब गेले. मल्हार इकडून म्हणाला, "बास की पाव्हनं, आता कालव्यात जाशीला." पण छकुलीच थांबू देईना. शेवटी शंभरावर पावलं झाली, तिथून तिचा आवाज आला, अजून दिसती. परत येताना ती गोजरबाईच्या कडेवर नव्हती. एम-एटीवर होती, आणि पुढं उभी नव्हती. मागं बसून एका हातानं तिनं बापाची कंबर घट्ट धरली होती. बिरदेव पायी चालावं इतक्या सावकाश गाडी आणत होता.

आज १९९९ साल चालू आहे. माझी कडा उसाच्या मोळ्या लागून टवकली आहे. मल्हारनं माझ्या शेजारी एक नवी काच बसवली आहे. ती माझ्यापेक्षा तल्लख आहे, हे मी आनंदानं कबूल करते. पण मला काढायचं कुणी नाव घेत नाही. खंडेनवमीला दगडाबाई काठी टेकत वस्तीवरच्या एकेका ट्रॉलीमागं जाते आणि आयाबायांना दटावते, की आधी पुसा, मग लावा, आणि काचेवर लावाल तर बघा. तिच्या धाकानं आमच्या वस्तीच्या सगळ्या ट्रॉल्या स्वच्छ तोंडानं रस्त्यावर येतात. मल्हारही आता गाडी बंद पडली की माझ्यावर विसंबत नाही. फांदी टाकतो, आणि निघताना ती उचलून कडेला ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला अडचण नको.

मित्रांनो, तुम्ही गाडीची पूजा करा. माळ घाला, नारळ फोडा. श्रद्धेनं केलेला नमस्कार मला आजही आवडतो. पण नमस्कार करून पुढूनच परत जाऊ नका. एकदा गाडीला वळसा घालून मागच्या बाजूला या. तिथं सहसा कुणी येत नाही. तिथं माझ्यासारखी एखादी धुळीनं माखून बसलेली असेल. तिच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवा आणि त्यानंतर हात जोडा. तुमच्या मागून कोण येणार आहे ते तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. म्हणून तर मी डोळे उघडे ठेवून बसते.