मालूचं मॉक ड्रिल

रघूच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी गॅस गळायचा. खरा नव्हे, कागदावरचा. भोंगा वाजायचा, माणसं तोंडाला ओले रुमाल लावून गेटाजवळच्या असेंब्ली पॉइंटवर जमायची, डोकी मोजली जायची आणि साहेब 'ऑल क्लिअर' म्हणाले की चहा मिळायचा. अकरा वर्षांत खरा गॅस एकदाही गळला नव्हता. त्यामुळे रोह्यातल्या या इमानदार ऑपरेटरची पक्की समजूत झाली होती, की ज्याचं ड्रिल होतं ते प्रत्यक्षात घडत नाही.

म्हणून मालूचा एमआरआय ठरल्यावर त्याने घरी ड्रिल लावलं.

मालू, त्याची लेक, चार वर्षांची. दोन महिन्यांत दोनदा जेवता जेवता तिचे डोळे वर गेले होते आणि हातपाय ताठ झाले होते. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याचा फोटो काढू. मशीन खडखडाट करतं, पोर पाऊण तास स्थिर पडणार नाही, तेव्हा झोपेचं औषध देऊ. पहाटे चारनंतर दूध नाही, खाणं नाही. आठपर्यंत चालेल ते फक्त साधं पाणी. झोपेत उलटी झाली तर ती छातीत जाते. मालूच्या आईने, शांतीने, सगळं लिहून घेतलं. रघूने एकच विचारलं, उठेल ना? डॉक्टर म्हणाले, उठेल की, तासाभरात. कधी दोनही लागतात. तो 'कधी' रघूच्या कानात जाऊन बसला, तो निघेचना.

आठ दिवस शिफ्टवरून आल्यावर रोज ड्रिल. चमचाभर गूळपाणी म्हणजे औषध. ते प्यायलं की डोळे मिटायचे, हातपाय सैल सोडायचे आणि बाबा 'ऑल क्लिअर' म्हणेपर्यंत हलायचं नाही. मग चिक्की. रघूची आई काशीबाई हिच्याकडे डोकी मोजायचं काम होतं. घरात डोकी चार, तरी ती अंगणातल्या शेवग्याखाली उभी राहून रोज मोजायची, आणि एकदा पाच भरली म्हणून दुसऱ्यांदा मोजणी झाली. पाचवं मांजराचं निघालं.

मालू ड्रिलमध्ये कंपनीच्या साहेबांपेक्षा सरस निघाली. नाकावर माशी बसली तरी ढिम्म. काशीबाईने चिमटा काढून बघितला, तरी ढिम्म. फक्त उजव्या पायाचा अंगठा तेवढा हळूच हलायचा. तो एकट्या शांतीला दिसला होता, आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी वडखळला ट्रॅफिक लागलं, तरी नऊला सगळी पेणात पोचली. काशीबाई आत आलीच नाही. बाहेरच्या आंब्याखाली जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोजू लागली.

विमलबाई नावाच्या नर्सने औषध पाजलं. मालूने ते गिळलं, डोळे मिटले आणि मान टाकली. सगळं मिळून सहा सेकंद.

विमलबाईंचा चेहरा उतरला. या औषधाला अर्धा तास लागतो. त्यांनी हाक मारली, गाल थोपटले, पोरीने दाद दिली नाही. डॉक्टर धावत आले. बोटाला नाडी मोजायचा चिमटा लागला, नाकाशी ऑक्सिजनची नळी आली. डॉक्टर आकडे बघत होते, आकडे ठीक होते, म्हणून ते अजूनच गोंधळले. रघू भिंतीला टेकून उभा. काय झालंय हे त्याला कळत होतं, पण ते कसं सांगायचं? शेवटी तो खाकरला.

"ऑल क्लिअर," म्हणाला.

मालू उठून बसली. "चिक्की?"

मग डॉक्टर जे बोलले ते फार सभ्य शब्दांत होतं आणि म्हणूनच रघूला जास्त लागलं. मशीनवरच्या माणसाने विचारलं, आता खरी झोपली हे कसं ओळखायचं?

पस्तीस मिनिटांनी मालूची जीभ जड झाली, चिक्कीवरून सुरू झालेलं भांडण अर्ध्यात सुटलं आणि ती शांतीच्या मांडीवर कलंडली. शांतीने अंगठ्याकडे बघितलं. हलत नव्हता. "आता झोपली," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

फोटो निघाला. मालूला बाहेरच्या पलंगावर आणून ठेवलं. तास झाला. रघू वाकून हळूच म्हणाला, "ऑल क्लिअर."

काही नाही. श्वास चालू, चिमट्यावरचा दिवा चालू, पोर जागच्या जागी.

विमलबाई म्हणाल्या, वेळ लागतो, आकडे छान आहेत. रघूला आकड्यांचं काय? त्याला वेगळाच हिशेब सुचला होता. ज्याचं ड्रिल होतं ते घडत नाही, आणि त्याने आठ दिवस ड्रिल केलं होतं ते उठण्याचंसुद्धा.

दीड तास झाला. पावणेदोन. काशीबाई खिडकीतून डोकावून म्हणाली, "रघ्या, एक डोकं कमी भरतंय रं." त्याने तोंड फिरवलं.

"अहो, परत बोला की," शांती म्हणाली.

"नको."

"का?"

"आता बोललो नि नाय उठली, तर मग बोलायला काय उरलं?"

शांती मालूच्या पायाशी बसली होती. थोड्या वेळाने तिने रघूचं मनगट धरून त्याला पलंगाच्या टोकाकडे ओढलं. चादरीबाहेर मालूचा उजवा अंगठा आला होता, आणि तो हळूच, कंटाळल्यासारखा, वर-खाली होत होता.

"कधीपासून?" रघूने विचारलं.

"मघापासून. वाट बघतेय ती तुमची."

रघूने तोंड उघडलं. दोनच शब्द होते, अकरा वर्षं ऐकलेले, तरी त्याने तोंड परत मिटलं. रिपोर्ट गुरुवारी यायचा होता, तोपर्यंत काहीच क्लिअर नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तिला नव्हतं.

"बाबा," डोळे न उघडता, जड जिभेने मालू पुटपुटली, "बोल ना. माझी मान दुखतेय."