मानाच्या डब्याची आखूड किल्ली

मी एक जुना डबा आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला डबा आहे. डब्याला कसला आलाय राग, असं म्हणून हसू नका. दुसऱ्याच्या चुकीचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं त्याला राग येतोच, मग तो माणूस असो की पत्रा.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या एका मांसाच्या कारखान्यात झाला. आमच्या घराण्यातले मूळ पुरुष जाडजूड होते आणि त्यांना उघडायला छिन्नी-हातोडा लागायचा. आधी डबा आला आणि उघडायची सोय फार मागाहून आली, असा आमचा उरफाटा इतिहास! मग कुणा शहाण्याने डबा एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूने निमुळता केला. उघडून उपडा केला की आतला मांसाचा गोळा अख्खाच्या अख्खा ताटात यावा, ही त्यातली युक्ती. आणखी कुणी तरी अंगाभोवती पातळ रेघ मारून पत्र्याची एक पट्टी मोकळी केली आणि बुडाशी छोटी किल्ली चिकटवली. पट्टीचं टोक किल्लीच्या फटीत घालायचं आणि किल्ली फिरवत जायचं. पट्टी किल्लीभोवती गुंडाळली जाते आणि डब्याचे दोन भाग होतात. ज्याने हे केलं तो नक्की स्वतः मांस खाणारा असणार.

पण तो होता छोटा डबा. मी मोठा आहे, मानाचा. आम्हाला घडवताना कारखान्यातल्या साहेबांनी काय केलं ठाऊक आहे? डबा मोठा केला आणि किल्ली तीच ठेवली! तेवढीच, बोटाएवढी! अहो, माझा घेर केवढा, पट्टी केवढी लांब. ती गुंडाळता गुंडाळता किल्लीवर पत्र्याचं हे एवढं वेटोळं होतं, किल्ली आवरेनाशी होते, पट्टी तिरकी पळते आणि तुटते. मग अर्धवट फाटलेला पत्रा राहतो, त्याची कड सुरीसारखी. हे सगळं करून माझ्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर बैलाच्या चित्राखाली त्यांनी छापलं काय, तर 'सुधारित डबा'. आज इतकी वर्षं झाली, तो शब्द आठवला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

जहाजाने मी पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशात आलो आणि तिथल्या सावाई बेटावर पोचलो. तिथे आमचा मान काय सांगू! लग्न असो, मयत असो, कुणाला सरदारकी मिळो, विणलेल्या चटया आणि आम्ही मोठे डबे पुढे मांडल्याशिवाय कार्य होत नाही. गावाचा वक्ता उभा राहून आमचं नाव मोठ्याने पुकारतो, सगळे वाहवा करतात. छाती फुगते. पण मग होतं काय, की ज्याला आम्ही मिळतो तो आम्हाला फोडत नाही. पुढच्या कार्यात आम्हीच तर द्यायचे असतो! मी लग्नातून मयतीत गेलो, मयतीतून बारशात, बारशातून पुन्हा लग्नात. एका घरातून निघून फिरून त्याच घरी परत आलो. घरी रोज खायला छोटे डबे होते, ते बिचारे आले की संपायचे. आम्हा मोठ्यांना मात्र नुसत्या टाळ्या. पोटात एवढं चांगलं अन्न घेऊन जन्मभर मिरवत राहायचं, हे काय जगणं झालं?

शेवटी मी लाफाएलेच्या घरी आलो. हा लाफाएले म्हणजे गावाच्या वतीने बोलणारा सरदार. उंच काठी रोवून, खांद्यावर काथ्याचा झुपका टाकून तो बोलायला उभा राहिला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. बायको वारलेली. घरात लेक फुआतिनो आणि बायकोची थोरली बहीण तौवांगा. तौवांगाच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

एकदा भर पावसात दुसऱ्या गावचे पाद्री आणि त्यांची बायको अचानक दारात आले. घरात छोटा डबा एकही नव्हता. पाहुणा उपाशी बसणं त्या गावात शक्यच नाही. लाफाएलेने मागचापुढचा विचार न करता माझ्या शेजारचा डबा उचलला. माझा सख्खा भाऊच तो, एकाच पत्र्यातला. पट्टी अर्ध्यावर गेली आणि तुटली. लाफाएलेने उरलेलं कोयत्याने उचकटायला घेतलं, आणि ती कड त्याच्या उजव्या पंजात खोल गेली. मी बघत होतो. रक्ताची धार लागलेली असताना तो पाहुण्यांना म्हणाला, "बसा, बसा, काही नाही. भाजलेला तारोचा कंद थंड होतोय, आधी जेवा."

जखम चिघळली. हात वाचला, पण दोन बोटं कायमची ताठ झाली. काठी मुठीत धरता येईना. आणि गावाने काय म्हणावं? "मानाचा डबा फोडला, म्हणून ही शिक्षा." कुणी म्हणालं, "जीभ धारदार, पण हात बोथट." लाफाएले हसून घ्यायचा. पण त्याने काठी आढ्याला बांधून ठेवली आणि सांगून टाकलं, की आता गावासाठी आपला चुलतभाऊ बोलेल. मित्रांनो, ती काठी माझ्या डोक्यावरच टांगलेली होती. ज्या हाताने ती धरायची तो माझ्या भावाने कापला, हे मला रोज वर बघून आठवायचं. पण भावाची कड तशी कुणी ठेवली? हे कुणी विचारत नव्हतं.

विचारलं ते फुआतिनोने. डब्यांच्या कंपनीचा पास्क नावाचा गोरा साहेब राजधानी आपियातून अधूनमधून यायचा. सामोअन भाषा अडखळत पण बरी बोलायचा. एकदा आमच्याच घरी भरलेल्या बायकांच्या बैठकीत तो आला, तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "साहेब, मोठ्या डब्याची किल्ली लांब करा आणि कड आत वळवून घ्या. माझ्या बाबांचा हात गेला."

पास्क साहेब गोड हसला. "वाईट झालं हो. पण आम्ही घरोघर विचारून आलोय. मोठा डबा उघडताना त्रास होतो, असं एकही माणूस म्हणाला नाही."

अरे, म्हणेल कसा? उघडतोय कोण! ज्यांनी जन्मात मोठा डबा उघडला नाही त्यांना विचारायचं, की उघडताना त्रास होतो का? आणि ते बिचारे खरंच सांगणार, की नाही बुवा, काही त्रास नाही. मी फळीवरून ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे होतं? तेच तर उघडलेलं नव्हतं.

साहेब एवढ्यावर थांबला असता तर ठीक. जाता जाता म्हणाला, "किल्ली फिरवायला थोडी अक्कल लागते, एवढंच." दारात लाफाएले उभा होता. त्याने ऐकलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"बघितलंस?" तौवांगा तावातावाने म्हणाली. "डबे विकणार आपल्याला आणि अक्कलही काढणार आपलीच! येऊ दे पुन्हा, त्याच्या डोक्यावर नारळच पाडते."

"नारळ नको मावशी," फुआतिनो म्हणाली. "आपण त्याला जेवायला घालू."

काही महिन्यांनी साहेबाची वर्दी आली. डब्याचं नवं सुधारलेलं रूप घेऊन गावात समारंभाला येतोय म्हणे. नवं रूप म्हणजे काय, तर बैलाच्या गळ्यात जास्वंदीचा हार! किल्ली तीच, कड तीच. चित्र तेवढं बदललेलं. संताप संताप झाला माझा.

फुआतिनोने बाबांपुढे बैठक मारली. "पाहुण्याचा मान तुम्हीच पुकारायचा. मोठा डबा, न उघडलेला, किल्लीसकट त्याच्या ताटात ठेवायचा."

"पाहुण्याला लाजवणं आपल्यात बसत नाही, पोरी."

"लाजवतंय कोण? जेवायलाच घालतोय ना? त्याचाच डबा, त्याचीच किल्ली. त्याला तर अक्कल आहे."

"आणि काठी? ती कशी धरू?"

"डाव्या हाताने धरा."

"डाव्या हाताने धरलेली काठी गावाने कधी बघितलीय?"

"मग बघू दे एकदा," तौवांगा मध्येच म्हणाली. "डोळे फुटणार नाहीत कुणाचे. माझी बहीण असती ना भाऊजी, तर तुमचं हे तोंड लपवून बसणं तिने दोन दिवस चालू दिलं नसतं."

लाफाएलेने ताठ बोटांकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "काठी खाली काढ."

समारंभाच्या दिवशी सगळं गाव जमलं. खांबांना टेकून सरदार बसले. भट्टीतून तारो निघाला, नारळाच्या दुधात शिजलेली पानं निघाली, वास असा सुटला की पोरं आवंढे गिळत होती. पास्क साहेबाला मधल्या चटईवर बसवलं. तिथली रीत अशी, की मानाच्या पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणीही अन्नाला शिवायचं नाही. आणि साहेबाच्या ताटात ठेवलेला तो डबा, मित्रांनो, मीच होतो!

मग लाफाएले उभा राहिला. डाव्या हाताने काठी रोवली. बसलेल्यांत कुजबूज झाली. पण तो बोलायला लागला आणि कुजबूज बंद झाली. साहेबाच्या थोर कारखान्याची स्तुती केली, समुद्रापलीकडून येणाऱ्या जहाजांची केली, बैलांची केली. आवाज तोच, पूर्वीचा. शेवटी म्हणाला, "ज्याने हा डबा आपल्याला दिला, त्याच्याच हातून आज तो उघडू दे. त्याने पहिला घास घ्यावा आणि मग आम्ही सगळे जेवू."

साहेब खुशीत. बाह्या सरसावल्या, किल्ली काढली, पट्टीचं टोक अडकवलं, एक वळसा, दोन वळसे. इतक्या वर्षांनी कुणी तरी मला उघडत होतं, आणि मला धड उघडायचंही होतं. पण माझ्या हातात काय होतं? पट्टी किल्लीवर जाड झाली, तिरकी झाली आणि खट्कन तुटली.

साहेबाने घाम पुसला. नख लावून बघितलं, चमचा घातला. सगळं गाव बघतंय, तारो निवत चाललेला, कुणी घास घेईना. एक म्हातारा सरदार मोठ्याने पण अगदी नम्रपणे म्हणाला, "सावकाश होऊ द्या साहेब, आम्हाला काही घाई नाही." घाई सगळ्यांना होती. साहेबाने सुरी मागितली, कड उचकटली आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळला. त्याच्या पंजातून रक्त ठिबकायला लागलं.

"अगंबाई!" तौवांगा मागून ओरडली. "किल्ली फिरवायला अक्कल लागते म्हणे!"

हशा असा उसळला की छपरावरचे पक्षी उडाले. पण लाफाएलेने काठी जमिनीवर आपटली आणि सगळे गप्प झाले. तो साहेबापाशी गेला, खाली बसला, आणि आपल्या कमरेच्या कापडाची कड फाडून त्याचा हात घट्ट बांधला. बांधताना ती दोन ताठ बोटं साहेबाच्या डोळ्यांसमोर होती.

"दुखतंय?" लाफाएलेने विचारलं.

"फार," साहेब म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "तुमचंही असंच झालं?"

"असंच. फक्त तुम्ही लगेच किंचाळलात ते बरं केलंत. मी पाहुण्यांसमोर किंचाळलो नाही, तिथे चुकलं माझं."

मग फुआतिनोने मला दगडावर ठेवून कोयत्याने नीट फोडलं. आतलं मांस ताजं होतं, मी ते जपलं होतं! साहेबाने डाव्या हाताने पहिला घास घेतला. गाव जेवलं. माझ्या पोटातला घास पोरांच्याही तोंडात पडला. पुकारलेलं नाव पुष्कळदा ऐकलं होतं मी, पण कुणी तरी मला खाताना हसतंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या वर्षी नवे मोठे डबे आले. लांब दांड्याची किल्ली, पट्टीची रेघ खोल आणि सरळ, कडा आत वळवलेल्या. काम उत्तम होतं, माझा राग त्यावर नाही. राग याचा आहे, की कागदावर या वेळी छापलं होतं 'आमच्या तज्ज्ञांच्या कल्पकतेतून'. लाफाएलेच्या बोटांचं नाव कुठेच नव्हतं. फुआतिनोचंही नव्हतं.

लाफाएलेने मात्र मला टाकलं नाही. माझ्या फाटक्या कडा दगडाने ठोकून ठोकून स्वतः बोथट केल्या आणि मला आपल्या काठीशेजारी ठेवलं. त्यानंतर गावासाठी तोच बोलला, डाव्या हातात काठी धरून, शेवटपर्यंत.

आता तो, तिथल्या रीतीप्रमाणे, घरापुढच्याच थडग्यात आहे. त्याच्या मयतीला नव्या डब्यांची रास लागली होती, आणि सगळे न उघडताच पुढच्या घरी गेले. तेव्हापासून मी थडग्यावर पोटात फुलं घेऊन बसलेला असतो. एकदा साफसफाई करणाऱ्या कुणी तरी मला गंजका म्हणून उचललं आणि कचऱ्यात टाकायला निघालं. फुआतिनो धावत आली. "तो नाही! तो बाबांचा आहे."

मित्रांनो, मी गंजत चाललोय, फार दिवस राहणार नाही. एवढंच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी कारखान्यात बसाल, माणसांसाठी वस्तू कराल. त्यावर 'सुधारित' असं छापायच्या आधी ती एकदा स्वतःच्या हाताने उघडून बघा, पाहुणे समोर बसलेले असताना. आणि कुणी येऊन आपला कापलेला हात दाखवला, तर त्याची अक्कल काढू नका. आधी त्याचा हात बांधा.