विहिरीकडची ओळ

टक्. पितळी डबीचं झाकण लागलं, निघालं, पुन्हा लागलं. टक्. नुकतंच डोळा लागलेलं तान्हं पाळण्यात चुळबुळलं, आणि भिंतीला टेकून पेंगणारी मालन दचकून जागी झाली.

"सुभे, ठेव गं ती. बाळ उठेल."

"पण आई, हिच्यात काहीच नाही. नुसती राख."

"परसातून बी येईल ना. मग भरू."

म्हणाली खरी. ती डबी मालनच्या आईची. आई सतवासला वारली तेव्हा लेकीच्या वाट्याला आलं ते एवढंच, राखेत घोळून ठेवलेलं भेंडीचं बी. लांबट, कोवळी, लव नसलेली भेंडी. देवासच्या बाजारात तशी दिसायची नाही. दर साल पेरायची आणि एका ओळीच्या शेंगा बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्यायच्या. यंदा पोट सांभाळत पेरणी केली आणि थकल्या हाताने सगळीच डबी मातीत रिकामी झाली. मागे एक दाणा राहिला नाही.

श्रावणात पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. जणू कुणी हळदीच्या दोऱ्याने जाळं विणावं तशा. शेंगा आल्या त्या पांढुरक्या, लाकडासारख्या. शेजारची माळीण कुंपणावरून डोकावली. "बऊजी, इनके तो नजर लागी गी!"

सासूबाई, यमुनाबाई, जणू वाटच पाहत होत्या. "आल्यागेल्याला ओटीभर शेंगा वाटायच्या, मग काय होणार? रोगी झाडं उपट, सगळ्या परसावरून ओवाळ आणि चव्हाट्यावर टाकून ये. आमच्या अमझेऱ्याला बागेची दृष्ट अश्शीच काढतात."

विहिरीकडची बियाण्याची ओळ तेवढी अजून हिरवीगार होती.

"तिच्यावरूनही?" मालनने विचारलं.

"तिच्यावरून आधी!"

मालनने उपटलेली झाडं कवेत घेतली. कंबर भरून आलेली, चोळी दुधाने भिजलेली. ओवाळताना पानांखालून पिठाच्या कणांसारख्या पांढऱ्या माश्या भुर्रकन उठल्या, तिच्या तोंडावर आल्या आणि हिरव्या पानांखाली जाऊन बसल्या.

"आई, बघ, तिकडे बसल्या!"

"बसू देत. तू इडापिडा टळो म्हण." तिला कधी एकदा पाठ टेकते असं झालं होतं.

त्याला आता पंधरवडा होऊन गेला होता. बाळ पुन्हा निजलंसं पाहून ती परसात गेली. मागोमाग डबी घेऊन सुभी. विहिरीकडच्या ओळीतल्या पहिल्याच झाडाच्या कोवळ्या पानावर हळदीची रेघ होती. दुसऱ्यावरही. मालनने पान उलटलं. पीठ उडालं, पुढच्या झाडावर बसलं. ती तिथेच चिखलात खाली बसली. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

सुभीने रिकामी डबी तिच्या मांडीवर ठेवली आणि हळूच तिचा पदर धरला.

आतून सासूबाईंची हाक आली. "मालन, अगं, बाळाचं अंग कढत लागतंय. मीठमोहऱ्या घेऊन ये, दृष्ट काढ आधी!"

मालन गुडघ्यावर हात रेटून उठली. पदर मात्र सुटेना.

"आई, त्या झाडांची दृष्ट इथे येऊन बसली. मग बाळाची काढलीस की ती कुणावर जाऊन बसते? माझ्यावर?"