पडेगावात लघुग्रह पडतो तेव्हा

पडेगावच्या पारावर अख्खी गल्ली लोटली होती. चौरंगावर पितळी परात, परातीत पिठानं रेखलेली लांबट गोल वाट, आणि त्या वाटेवरून सुपारीएवढा काळा धोंडा आपला आपण चालत होता. ना हात, ना दोरी!

पृथ्वीजवळून लघुग्रह जाणार, अशी बातमी मोबाइलवर आली आणि तिच्यामागोमाग उल्कानंद महाराज आले.

"सूर्यापासून निघाला, शुक्राला भेटला, दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घातला," महाराज डोळे मिटून गात होते, "आता बघा कुणाच्या दारी!"

परातीच्या कडेला घरागणिक हळदीचा ठिपका होता. धोंडा थरथरला, वाट सोडून थेट आवडाबाईच्या ठिपक्यावर जाऊन बसला.

"अगं माय! माझ्याच गोठ्यावर?"

"म्हैस आश्रमाला दे. धोंडा माघारी फिरंल."

नातवंडांचं दूध, घरचा चहा, सगळं त्या एका म्हशीवर होतं. आवडाबाई डोळे पुसत तिला घेऊन आली.

"महाराज," शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विशाखाबाईंनी विचारलं, "किल्ल्यापासून पडेगावचा रस्ता त्याला दाखवला कुणी?"

"श्रद्धा पायजे, बाई!"

बाईंचं लक्ष चौरंगाखाली हलणाऱ्या महाराजांच्या गुडघ्यावर होतं. "आवडाबाई, म्हशीच्या गळ्यातली साखळी काढून घ्या की. रीतच हाय आपली."

जनावर हवाली करताना गळ्यातलं दावं, साखळी धनी ठेवून घेतो. घरची लक्ष्मी घरात राहते म्हणून.

"राहू द्या, राहू द्या," म्हणत महाराज घाईनं उठले.

"रीत म्हंजे रीत!" गल्ली ओरडली.

आवडाबाईनं लोखंडी साखळी सोडली, ती हातात घेऊन पाया पडायला वाकली, आणि खट्ट! साखळी महाराजांच्या गुडघ्याला चिकटली. तिनं ओढली, तसे महाराज लंगडी घालत मागोमाग आले.

"सोडा की वो, महाराज!"

"म्या कुठं धरलीय, बाई?"

मोकळी झालेली म्हैस शांतपणे घराकडं निघाली.

विशाखाबाईंनी धोतर जरा वर सारलं. गुडघ्याला बांधलेलं होतं लाऊडस्पीकरातलं लोहचुंबक. "धोंडा लोखंडाचा. पितळेतून, लाकडातूनही चुंबक त्याला ओढतं. गुडघा फिरला की धोंडा फिरला."

"अन् खरा धोंडा?" आवडाबाईनं भीत भीत विचारलं.

"तो सूर्याभोवती आपल्या वाटेनं फिरतोय. दुर्बिणीतून बघून, गणित मांडून ती वाट काढलीय. चंद्राच्याही पलीकडून जाईल. त्याला ना तुमचा गोठा ठाऊक, ना महाराजांचा गुडघा."

बाबांनो, आभाळाचं भ्या दाखवून कुणी दारचं दूध मागू लागला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे तुला कसं कळलं? ज्यानं खरंच मोजलंय, तो आनंदानं सांगत बसेल. आवडाबाईनंही हे विचारायला मान वळवली, तर महाराज कन्नड गावाला निघालेल्या जीपला लटकले होते.