महालिंगप्पाची माती

सकाळी नऊच्या सुमारास रुद्रम्मा समाजवादी पक्षाच्या धाराशिवच्या कचेरीत आली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. बरोबर कोणी नव्हते. तेरजवळच्या तिच्या गावाहून ती बाजाराच्या बैलगाडीतून आली होती.

कचेरी म्हणजे एक खोली. पूर्वी तिथे निजामाच्या जकात खात्यातला एक कारकून राहत असे. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामाचे राज्य संपले आणि तो बायकामुलांसह निघून गेला. कुठे, ते कोणी विचारले नाही. आता १९४९ चा मार्च होता. निजामाविरुद्ध एकत्र लढलेली माणसे दोन पक्षांत वाटली गेली होती. काँग्रेसकडे बाजारातली माडी होती, समाजवाद्यांकडे ही खोली.

बलभीम मशीनवर लाल कापडाला दुमड घालत होता. गावाकडे तो शिंपीकाम करी; आता पक्षाचा कार्यकर्ता होता, म्हणजे झेंडे शिवणे, खोली झाडणे, आल्यागेल्याला चहा देणे.

“चहा घ्या, माय.”

“नगं. आधी इचारू दे. तुमी लोकं चहा पाजता आन् बोलायचं ऱ्हाऊन जातं.”

तेवढ्यात अण्णाराव वकील आले. पक्षाचे जिल्ह्याचे काम तेच पाहत. रुद्रम्माला पाहून त्यांनी हात जोडले.

“आई, तुम्ही आलात, सभा झाल्यासारखीच. रविवारी महालिंगप्पाचा स्मृतिदिन. मधली खुर्ची तुमची.”

“काँग्रेसवाले बी आलते परवा. त्येनी बी खुर्चीच देऊ केली. लेकरू गेलं तवा कुणी पाट मांडला न्हाय, आता समदे खुर्च्या घेऊन फिरायलेत.”

“ते उशिरा जागे झाले. महालिंगप्पा आमचा होता.”

“तुमचा व्हता तर सांगा. माती कुठं दिलीय त्येला? अय्याला घेऊन जायाचंय. तेवढं सांगा, मग कुठं बी बसते.”

दीड वर्षापूर्वी महालिंगप्पा सरहद्द ओलांडून बार्शीकडच्या कॅम्पात गेला होता. तिथली पोरे निजाम हद्दीतल्या जकात नाक्यांवर हल्ले करीत. गेल्या वर्षी मार्चात अशाच एका नाक्यावर त्याला गोळी लागली. सोबत्यांनी त्याला उचलून कॅम्पात आणले, पण हद्दीपलीकडे आईकडे नेणे शक्य नव्हते. रुद्रम्माला पोचला तो फक्त निरोप.

लिंगायतांत मयत जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, अय्या म्हणजे जंगम पुरोहित मंत्र म्हणतो. रुद्रम्माचा सासरा आणि नवरा शेताच्या एका कडेला असेच बसवले होते. त्यांच्या शेजारची जागा तिने नांगरू दिली नव्हती.

अण्णाराव त्या काळात गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. कॅम्पात होता तो बलभीम; त्यांनी त्याच्याकडे पाहिले. बलभीमने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवले.

“माय, माती न्हाय दिली. अग्नी दिला.”



“जाळलं?”

“व्हय.”

“तुमाला ठाव नव्हतं तो कोण व्हता?”

“बाकीच्यांना नव्हतं. कॅम्पात त्याला माधव म्हणायचे. कुणाची जात इचारायची न्हाय, सांगायची न्हाय, असा नेम व्हता. एका ताटात जेवायचो आमी.”

“आन् तुला?”

“मला ठाव व्हतं.”

अण्णाराव घाईने मध्ये आले. “आई, कॅम्पात गडबड असते. पण लिंग त्याच्या हातात ठेवलं होतं. नाही का रे, बलभीम?” त्यांनी मान हलवून त्याला खूण केली.

बलभीमने खूण पाहिली. हो म्हटले तर म्हातारी रविवारी खुर्चीवर बसेल हे त्याला कळत होते. नाही म्हटले तर बाजारपेठेतला एकही लिंगायत पक्षाच्या दारात उभा राहणार नाही, हेही.

“न्हाय,” तो म्हणाला. “लिंग त्यानं आदीच नदीत सोडलं व्हतं. माज्या म्होरं. नेम बी त्यानंच मांडला व्हता. मी मेलो तर मला कुण्या जातीचा करू नका म्हणला. सरण रचलं तवा सगळे इचारत व्हते, ह्याचे विधी कसले. मी गप ऱ्हायलो.”

रुद्रम्मा उठली. पदर झटकला.

“तो म्हणला असंल. लई शिकला व्हता. पण त्यानं जगायचं ठरवावं, बाबा. माती कशी द्यायची ते म्या ठरवायचं. तू त्येचं ऐकलंस, माजं कोण ऐकणार व्हतं?”

ती बाजाराच्या दिशेने चालत गेली. अण्णारावांनी दार लोटले.

“तू पक्षाचा का हरिश्चंद्राचा?”

“पोराचा,” बलभीम म्हणाला.

रविवारपर्यंत बातमी पेठभर झाली. त्या दिवशी दोन सभा झाल्या. रुद्रम्मा एकीलाही आली नाही. काँग्रेसच्या सभेत वक्ता म्हणाला, “हे समाजवादी. ह्यांनी लिंगायताचं लेकरू जाळलं.” तिथे मोठा गलका झाला. समाजवाद्यांच्या सभेला पेठेतले कोणी फिरकले नाही. मधली खुर्ची कोणीतरी मागे नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी बलभीमकडून कचेरीची किल्ली मागून घेतली. मशीन त्याचे स्वतःचे होते. ते डोक्यावर घेऊन तो गेला.

पुढच्या आठवड्यात तो रुद्रम्माच्या शेतावर गेला. राखून ठेवलेल्या जागेत खड्डा खणलेला होता, मांडी घालून बसलेला माणूस मावेल एवढा. खणायला गावातले कोणी आले नव्हते. तिने स्वतः खणला होता. काठावर शांतलिंग अय्या उभा होता.

“देह न्हाय, लिंग न्हाय,” तो म्हणत होता. “कशाला मंत्र म्हणू, अव्वा? रिकाम्या खड्ड्याला?”

“मठात इचारा.”

“इचारतो. पर नवं लिंग ठेवून द्यावं म्हणलं, तरी ज्यानं सोडलं त्येच्या हाती कसं द्यायचं?”

रुद्रम्माने बलभीमला पाहिले, बस म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. तो चप्पल काढून खड्ड्यात उतरला आणि एका बाजूची सुटलेली माती ओंजळीने वर टाकू लागला. ती बघत राहिली.

“तिकडं न्हाय,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “पाठीमागची बाजू ढासळायलीय.”

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मठाचा निरोप आलेला नव्हता. खड्डा उघडाच होता. रुद्रम्मा रोज सकाळी त्यात उतरून रात्रीतून पडलेली माती वर काढत होती.