लाल पट्ट्याचा जिराफ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिराफ आहे. चिखलीच्या खेळबागेत एक मोठी झुलती होडी आहे. जत्रेतल्या सवयीने सगळे तिला 'कोलंबस' म्हणतात. त्या होडीच्या दाराशी मी पुष्कळ वर्षं उभा होतो. माझ्या छातीवर एक लाल पट्टा आहे. त्या पट्ट्याला ज्याचं डोकं लागेल त्याने होडीत बसायचं, ज्याचं लागणार नाही त्याने मागे फिरायचं. एवढंच माझं काम. तुमच्यापैकी कुणी माझ्याजवळून रडत गेलं असेल, तर त्याचा माझ्यावर राग असणार. तरीही आज माझी हकिगत ऐका.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून यंत्रं येतात ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. यंत्रं आत जातात आणि खोकी बाहेर पडतात. अशाच एका खोक्याच्या फळ्या भिवा पेंटरने आणल्या. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. जिराफ त्याने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मुलाच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून त्याने मला कापलं, घासलं, पिवळा रंग दिला, त्यावर तपकिरी ठिपके काढले. डोळे मात्र त्याला चित्रातले पटेनात. मग त्याने मला सरळ गाईचे डोळे काढले. जनावराच्या नजरेत माया दिसली पाहिजे, असं तो म्हणे. त्यामुळे मी मुलांना नाही म्हणत असलो, तरी बघतो मात्र प्रेमाने.

बाग मारुतरावांची. त्यांचं घराणं चिखलीतलं जुनं. जिथे आज पाळणे फिरतात तिथे पूर्वी त्यांची ज्वारी डोलायची. आजूबाजूची शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या, दोन-दोन खोल्यांत लांबलांबच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबं राहू लागली. या लेकरांनी धावायचं कुठे, असं मारुतरावांच्या मनात आलं, आणि उरलेल्या जमिनीवर त्यांनी ही बाग केली. आकाशपाळणा आला, घसरगुंड्या आल्या, शेवटी कोलंबस आला. माझ्या छातीवर लाल पट्टा कुठे ओढायचा ते होडी बसवणाऱ्या लोकांनी सांगितलं. मारुतरावांनी त्यात बोटभरही फरक करू दिला नाही.

आमच्या भागात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे बागेचा खरा रविवार म्हणजे गुरुवार. त्या दिवशी बापाच्या खांद्यावर, आईच्या कडेवर, स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभी राहून मुलं यायची. माझ्याजवळ येताच ती श्वास रोखून ताठ होत. कुणी टाचा उचले, कुणी मान लांब करी. एकीच्या आईने तिचे केस डोक्यावर उंच बांधून आणले होते. दारावरच्या सुमनताई हसत हसत तो बुचडा हाताने दाबायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या वर्षी ये हं, मी इथंच आहे." होडी चालू-बंद करण्याचं बटणही त्यांच्याच हाताशी असे. पट्ट्याला डोकं लागलेली मुलं माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेत. न लागलेली मला लाथ मारून जात. माझा डावा पाय अशा लाथांनीच झिजला आहे. मला त्याचं वाईट वाटत नसे. मोठं होण्याची घाई ज्याला नाही असं मूल मी पाहिलेलं नाही.

विजयश्री त्यांतलीच एक. वय वर्षं पाच. तिचे वडील निरंजन लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत कामाला. आई योगिनी घरी शिवणकाम करी. मोठा भाऊ गणराज पट्ट्याच्या वर गेला होता, त्यामुळे तो वडिलांबरोबर होडीत बसे आणि विजू आईचा हात धरून खाली उभी राही. होडी वर गेली की तिचीही मान वर जाई. प्रत्येक खेपेला ती माझ्याजवळ येऊन डोकं टेकवी. प्रत्येक खेपेला पट्टा तिच्या वरच राही. घरी गेल्यावर ती न मागता दूध पिते, दाराच्या कडीला लोंबकळते, असं योगिनी एकदा सुमनताईंना सांगत होती. दोघी हसत होत्या. विजू हसत नव्हती.

पुढे मारुतरावांचे गुडघे धरले. ते गेटजवळच्या खुर्चीवर बसून राहू लागले आणि बागेचा कारभार त्यांच्या मुलाने, जयदीपने हाती घेतला. जयदीप मनाने वाईट नव्हता. लोक दोन-दोन तास वाहतुकीत अडकून हिंजवडीहून, चाकणहून येतात आणि त्यांची लहान मुलं रडत परत जातात, हे त्याला बघवत नसे. लहानांसाठी इथे काहीच नाही, नवीन काही आणा, असं आईबाप त्याला सारखे सांगत. मोबाइलवर तसं लिहीतही. कुणाला छोटी रेल्वे हवी होती, कुणाला पाण्याची कारंजी, कुणाला निदान वाळू आणि सावली. जयदीपलाही ते सगळं हवं होतं. पण नवीन खेळ उभा करायला वेळ लागतो, आणि दिवाळीची सुट्टी तर तोंडावर आलेली.

मग त्याने सोपी वाट धरली. एका गुरुवारी सकाळी बाग उघडण्याआधी त्याने भिवाला बोलावलं आणि मला वीतभर खोल गाडायला सांगितलं. पट्टा तोच राहील, मुलं तेवढी खूश होतील. वीतभराने काय होतंय, असं तो म्हणाला. भिवाला ते पटलं नाही. पण कामाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने माझ्या पायाखालची माती काढली, मला खाली सरकवलं आणि माती दाबून टाकली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सुमनताईंना आल्या आल्या कळलं. रोज त्यांचा हात माझ्या पाठीवर टेकलेला असे. आज तो मानेवर आला. त्यांनी जयदीपकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, आणि त्या गप्प राहिल्या. घरात मिळवत्या त्या एकट्याच होत्या.

त्याच गुरुवारी विजयश्री आली. नेहमीप्रमाणे माझ्याजवळ येऊन उभी राहिली, आणि तिचं डोकं पट्ट्याला लागलं. नुसतं लागलं नाही, थोडं वर गेलं. मित्रांनो, तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद फुटला तो मी कधी विसरणार नाही. ती ओरडली नाही की नाचली नाही. तिने फक्त वडिलांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मी मोठी झाले."

निरंजनचे डोळे भरून आले. योगिनीच्या कपाळावर मात्र आठी पडली. तिने विजूचा फ्रॉक गुडघ्याशी चाचपला. तो तिनेच शिवलेला होता.

"ताई," ती सुमनताईंना म्हणाली, "फ्रॉक तर हिला अजून तेवढाच होतोय. मग ही वाढली कुठून?"

सुमनताईंनी नजर होडीकडे वळवली. मागून रांग रेटत होती. निरंजन म्हणाला, अगं, लेकराचा आनंद बघ, शंका कसली काढतेस. त्याने विजूला उचललं आणि स्वतःच्या शेजारी होडीत बसवलं. सगळ्यांच्या मांडीवर लोखंडी दांडा आला. मोठ्यांना तो घट्ट बसला. विजूच्या आणि दांड्याच्या मध्ये मात्र एक उशी मावेल एवढी जागा राहिली.

होडी हलली. पहिल्या झोक्याला विजू खिदळली. दुसऱ्या झोक्याला होडी उंच गेली आणि तिचं हसणं थांबलं. ती जागेवरून पुढे घसरत होती. निरंजनने एका हाताने तिचा फ्रॉक धरला, दुसऱ्याने तिला छातीशी ओढलं. सुमनताईंनी ते पाहिलं आणि बटण दाबलं. पण एवढी मोठी होडी बटण दाबताच थांबत नाही. ती आपल्या वजनाने झुलत राहते, हळूहळू शांत होते. ते झोके मी मोजले नाहीत. खाली योगिनी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती आणि तिच्या ओठांतून नुसता मुलीच्या नावाचा जप चालला होता. मी जमिनीत रुतलेलो. मला पाय असून धावता येत नव्हतं.

होडी थांबली. विजू वाचली. तिचा ओठ फुटला होता, कोपर सोलवटलं होतं आणि फ्रॉक खांद्यापाशी टरकला होता. योगिनीने तिला निरंजनच्या हातांतून ओढून घेतलं. आईच्या कुशीत शिरल्यावरही ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, मी मोठी झालेच नव्हते का?"

लोक जमले होते. जयदीपही धावत आला होता. सुमनताई त्या सगळ्यांच्या देखत विजूसमोर गुडघ्यांवर बसल्या.

"नाही बाळा," त्या म्हणाल्या. "तू होतीस तेवढीच आहेस. आम्हीच जिराफाला खाली गाडलं. तुझं काही चुकलं नाही."

आता आपली नोकरी गेली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मारुतराव काठी टेकत आले. त्यांनी माझ्या पायाशी असलेली नवी माती पाहिली. ते मुलावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "जयदीप, कुदळ आण. तुझ्या हातानं उकर."

जयदीपने उकरलं. सगळ्यांसमोर, खाली मान घालून, घामाघूम होत त्याने मला वर काढलं. माझे पाय पुन्हा उन्हात आले. मारुतराव माझ्या मानेवर हात ठेवून उभे होते.

"पोरं वाढायची राहत न्हाईत," ते म्हणाले. "थांबायचं असतं ते आपून. लहान लेकरांसाठी कायतरी करायचं हाय ना तुला? मग त्यांच्या उंचीचं कर. त्यांना ताणू नगंस."

जयदीपने निरंजन आणि योगिनीची हात जोडून माफी मागितली. निरंजन विजूला उचलून गेटकडे चालू लागला. त्याचा राग लगेच जाणारा नव्हता, आणि जाऊही नये. जयदीपने त्याच दिवशी कोलंबस बंद केला. सुमनताईंना तो एवढंच म्हणाला की, ताई, तुम्ही सकाळीच बोलायला हवं होतं, आणि मी तुम्हाला बोलू द्यायला हवं होतं.

नंतरचे काही महिने बागेच्या कोपऱ्यात खणाखणी चालली होती. छोटी रेल्वे आली. जमिनीतून गुदगुल्या केल्यासारखी उडणारी पाण्याची कारंजी आली. वाळूचा मोठा हौद आणि त्यावर सावलीचं छत आलं. आणि एक इवलीशी होडी आली, जी माणसाच्या कमरेपेक्षा वर जात नाही. पुन्हा सुरू झालेल्या कोलंबसच्या दाराशी आता मापाचा पक्का लोखंडी खांब आहे, सिमेंटात बसवलेला. तो कुणाला हलवता येत नाही. मला मात्र इतक्या वर्षांच्या पावसापाण्याने पायाकडून कुजवलं होतं. मला मोडीत काढायचं ठरत होतं. पण भिवा पेंटर आपणहून आला. त्याने कुजका भाग कापला, तेवढ्याच मापाचा नवा लाकडी पाय जोडला, पट्टा पुन्हा मोजून घेतला. सगळं झाल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग डोळ्यांना नवा रंग दिला.

आता मी लहानांच्या बागेच्या दाराशी उभा असतो, आणि सुमनताईही इथेच असतात. इथला नियम उलटा आहे. ज्याचं डोकं पट्ट्याच्या खाली, त्यालाच आत सोडतात. निरंजनचं कुटुंब वर्षभर फिरकलंच नाही. मग एका गुरुवारी आलं. विजू आत पळाली. गणराज पट्ट्याच्या वर असल्यामुळे बाहेर राहिला आणि त्याने सुमनताईंशी बराच वाद घातला. योगिनी छताखाली बसून शेजारच्या बदामाच्या झाडाची सळसळ ऐकत होती, आणि रात्रपाळी करून आलेला निरंजन बाकावर बसल्या बसल्या झोपी गेला. त्याला कुणी उठवलं नाही.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. मुलांना माझ्याजवळ उभं कराल तेव्हा त्यांना वर ओढू नका आणि मला खाली दाबू नका. आम्हा दोघांनाही आहोत तसं राहू द्या. इतकी वर्षं मी या बागेत उभा आहे. माझ्यापाशी हिरमुसून, डोळे पुसत मागे फिरलेली मुलं मी मिशा फुटल्यावर परत आलेली पाहिली आहेत, नवऱ्याबरोबर आलेली पाहिली आहेत, स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन आलेली पाहिली आहेत. त्यांतलं एकही मूल लहान राहिलेलं नाही.