भिकाजीची विहीर

दोरीला बांधून सोडलेला कंदील दहा हातांवरच विझला आणि काशीरामाने दोरी झटकन वर ओढली.

विहिरी खणण्यात त्याचा जन्म गेला होता. आत वाईट हवा साचली आहे, एवढाच त्या विझण्याचा अर्थ. पण बारा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ भिकाजी याच विहिरीत गाळ काढायला उतरला आणि गुदमरून मेला. आधी दिवा सोडून पाहिला होता, चांगला जळत होता, असे काशीरामाने साऱ्या मालगुंडात सांगितले. ते खोटे होते. कंदील घरी राहिला होता आणि तेवढ्यासाठी मागे फिरायचा त्याने कंटाळा केला होता.

पुढे त्या विहिरीचे पाणी कोणी भरेना. लोकांनी तिचा उकिरडा केला. यंदा खालच्या वाडीत पटकीच्या साथीने चार माणसे नेली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, की जांभ्या खडकातून वरची घाण झिरपून खालच्या पिण्याच्या विहिरीत जाते आहे. नुसती माती लोटून भागणार नाही. आधी तळापर्यंत उपसा, मग बुजवा.

आतली हवा खेळती व्हावी म्हणून काशीरामाने आंब्याची डहाळी दोरीला बांधून तासभर वरखाली हलवली. मग कंदील तळाशी टिकला. आता उतरायला सबब उरली नाही.

दोर धरायला चौघे होते. सर्वांत पुढे भिकाजीची बायको सगुणा. तिला कोणी बोलावले नव्हते. तिचे हात दोरावर पाहून काशीरामाला विहिरीपेक्षा तिचीच भीती वाटली.

खाली त्याने टोपल्यांमागून टोपल्या भरल्या. श्वास जड झाला तसा त्याने दोर हिसकला. दोर हलला नाही. सगुणाला माझे खोटे कळले, आता ही मला इथेच ठेवणार, असे वाटून त्याने पुन्हा दोर हिसकला. वर टोपली रिकामी होत होती, तेवढाच तो उशीर. दोर ताणला गेला आणि तो उजेडात आला.

आठवड्याने लाल मातीचा शेवटचा थर पडला. माणसे पांगली. काशीरामाला आता राहवेना.

"सगुणा, त्या दिशी मी दिवा सोडलाच नव्हता गो."

"ठावं हाय. कंदील पडवीतच व्हता. तुमी गेल्यावर मी बगितला."

मग दोर का धरलास, एवढेच त्याने कसेबसे विचारले.

"खालच्या वाडीत पोरं पानी पितात, भावोजी."

एका कडेला माती भुसभुशीत राहिली होती. ती तिने पायाने नीट दाबली आणि घराकडे निघाली.